बसणी खात्याचा एकपानी अहवाल

मी पगार घेतो तो खुर्चीवर बसण्याचा. हे वाक्य मी जिथे जिथे उच्चारलं तिथे तिथे लोक हसले आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो की यात हसण्यासारखं काहीही नाही. आमचा खुर्च्यांचा कारखाना आहे. तयार खुर्ची बाहेर पडण्याआधी तिच्यावर माणसाने बसून पाहिलं पाहिजे, असा मोठ्या साहेबांचा, म्हणजे कारखान्याच्या मूळ मालकांचा, दंडक होता. त्यासाठी त्यांनी एक वेगळं खातंच काढलं. कागदोपत्री त्याचं नाव 'अंतिम तपासणी', पण सुतारांपासून रखवालदारापर्यंत सगळे 'बसणी खातं' म्हणतात. त्या खात्याचा मी प्रमुख आहे.

खात्यात आम्ही तिघं. हलक्या वजनाची ताई, मधल्या वजनाचा मी आणि भारी वजनाचे भाऊ. खुर्चीवर आधी ताई बसते, कारण सैल स्क्रूची बारीक कुरकुर हलक्या माणसाखालीच ऐकू येते. मग मी बसतो. डावीकडे कलतो, उजवीकडे कलतो, मागे रेलतो आणि कान देतो. शेवटी भाऊ बसतात. भाऊ बसले आणि खुर्ची गप्प राहिली, की खुर्ची पास. मग ती उलटी करून बैठकीच्या खालच्या अंगाला आम्ही आपापली खूण करतो. ताईचा ठिपका, माझी आडवी रेघ आणि भाऊंचा गोल. गिऱ्हाईक काही खुर्ची उलटी करून बघत नाही, त्यामुळे या खुणा आमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाहीत.

मधलं वजन राखणं हे दिसतं तितकं सोपं नाही, हेही जाता जाता नमूद करतो. लागोपाठ दोन लग्नं जेवलो की मी भाऊंच्या दिशेने सरकायला लागतो. एखाद्या आठवड्याचा ताप आला की ताईच्या दिशेने. माझं ताट वाढताना बायकोला माझ्या नोकरीचा विचार करावा लागतो, आणि तो ती मोठ्याने करते.

लग्नावरून आठवलं. तिला मागणी घालायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "खुर्चीवर बसतो." सासरे इतके खूश झाले की त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. खुलासा लग्नानंतर झाला. बायको अजून तो विषय काढते.

तर, मोठ्या साहेबांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला. तिला आम्ही मॅडम म्हणतो. मॅडम शिकलेल्या, नीटनेटक्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या फलकावर नोटीस लावली: प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या खात्याचा अहवाल द्यावा. खातं काय करतं, ते का हवं, आणि नसलं तर काय बिघडेल. इतर खाती निर्धास्त होती. रंगकाम नसलं तर काय बिघडेल हे कुणीही सांगेल. पण ताई सही घ्यायला मॅडमच्या खोलीत गेली होती आणि तिथे टेबलावर तिने एका यंत्राचं चित्र पाहिलं होतं. ते यंत्र खुर्चीला वरून दाबत राहतं. थकत नाही, रजा घेत नाही, आणि त्याचं वजन हवं तेवढं वाढवता येतं.

ताई आणि मी कुठेही खपलो असतो. पॅकिंगमध्ये, गोदामात, कुठेही. प्रश्न भाऊंचा होता. भाऊ निवृत्तीच्या जवळ आलेले. त्यांना वाकवत नाही, शिडी चढवत नाही, दिवसभर उभं राहून काम झेपत नाही. खातं बंद झालं तर भाऊंना घरीच पाठवणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. जेवणाच्या सुट्टीनंतर भाऊ माझ्याजवळ आले, बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "हे बघ, मला दुसरं काही येत नाही. माझं तेवढं नीट लिही."

इतक्या वर्षांत भाऊंनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही निश्चिंत राहा." अशी वाक्यं आपण किती सहज बोलून जातो!

पहिला अहवाल मी अकरा पानांचा लिहिला. कारखाना कसा सुरू झाला इथपासून प्रारंभ केला. मधल्या पानांत लाकडाचे प्रकार, ताईच्या कानांचं कौतुक, मी रुजू झालो त्या दिवशीची हवा वगैरे आवश्यक पार्श्वभूमी होती. भाऊ नवव्या पानावर होते. ते पान लिहिताना माझेच डोळे भरून आले, तेव्हा अहवाल उत्तम उतरला आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

मॅडमनी आमच्यासाठी एक प्रशिक्षकही आणला होता. 'प्रभावी अहवाल कसा लिहावा' असा त्याचा वर्ग दुपारनंतर जेवणाच्या खोलीत भरायचा. हे सर माझ्या मुलीपेक्षा चारदोन वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी माझी अकरा पानं हातात तोलली आणि विचारलं, "यात मुद्दा कुठे आहे?"

"नवव्या पानावर," मी अभिमानाने सांगितलं.

सर्व खातेप्रमुखांसमोर त्यांनी माझी पानं उलगडून नववं पान शोधलं, ते वर काढलं आणि बाकीची दहा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. म्हणाले, "वाचणाऱ्याला फोन येतो. फोन येण्याआधी तुमचं म्हणणं संपलं पाहिजे. निष्कर्ष आधी, कारणं मग. आणि सगळं मिळून एक पान. दुसरं पान कुणीही वाचत नाही." रंगकामवाला खाली मान घालून हसत होता. त्याचा अहवाल सहीसकट चार ओळींचा होता.

आता यात माझा दोष किती हे वाचकांनीच ठरवावं. आमच्या घरात मुद्दा शेवटी सांगायची रीत आहे. माणूस येतो, बसतो, हवापाण्याचं बोलतो, चहा घेतो, निघतो, आणि पायात चपला सरकवता सरकवता म्हणतो, "हां, अजून एक होतं." ते 'अजून एक' म्हणजेच तो ज्यासाठी आला ते. माझ्या बहिणीने मुलीचं लग्न ठरल्याचं आम्हाला जिन्यात सांगितलं. काकांनी आपल्या ऑपरेशनचं सांगितलं ते रिक्षा सुरू झाल्यावर. मी स्वतः बायकोला मागणी घातली ती सासऱ्यांच्या दारात, एक बूट पायात आणि एक हातात असताना. तोपर्यंत दोन तास मी त्यांच्या घरातल्या खुर्च्यांविषयी बोलत होतो. अशा माणसाला कुणी म्हणालं की मुद्दा पहिल्या ओळीत लिही, तर त्याची काय अवस्था होईल?

तरी मी हटलो नाही. घरी कागद घेऊन बसलो. समोरच्या घरात नाना राहतात. नाना सरकारी कचेरीत अधीक्षक होते आणि निवृत्त झाल्यापासून संपूर्ण जिन्याचे अधीक्षक आहेत. मी अहवाल लिहितोय हे कळताच ते चष्मा घेऊनच आले.

"निष्कर्ष आधी?" नाना ताडकन म्हणाले. "कोण म्हणतो? अहो, अहवालात निष्कर्ष लिहायचाच नसतो! लिहिला की अंगाशी येतो. मी उभ्या नोकरीत एकही निष्कर्ष लिहिला नाही, म्हणून सुखरूप बाहेर पडलो."

"मग लिहायचं तरी काय?"

"'तथापि' लिहा. 'तथापि' लिहिलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. आणि शेवटी 'अंतिम निर्णय वरिष्ठांचा राहील.' बस्स. हे एवढं असलं की तुमच्या केसालाही धक्का लागत नाही."

नानांनी स्वतःच्या हाताने सात 'तथापि' घातले. मी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "यातून तुमचं खातं चालू ठेवायचंय की बंद करायचंय तेच कळत नाही." नाना समाधानाने म्हणाले, "जमलं बघा!"

मुलीने वेगळाच मार्ग सुचवला. "बाबा, आजकाल अहवालात आकृती लागते." तिने मला दिवसभरात काय काय करतो ते विचारलं आणि संगणकावर एक सुंदर रंगीत वर्तुळ काढलं. त्यात एक हिरवी फाक चहाची होती, एक पिवळी खुणा करण्याची, आणि उरलेलं सगळं वर्तुळ लालभडक होतं. त्यावर लिहिलं होतं, 'बसणे'. इतका प्रभावी पुरावा मी आजवर पाहिला नव्हता. तो मी ताबडतोब कपाटात ठेवला.

सरांनी सांगितलं होतं की विधानाला आधार हवा. मी विचार केला, आमच्या खुर्च्यांबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी किती येतात ते लिहू. जवळजवळ येतच नाहीत, याहून मोठा आधार कोणता? तक्रार खात्यात एकटाच कारकून बसतो. मी माहिती मागितली तर म्हणाला, "लेखी मागणी लागेल, त्यावर खातेप्रमुखाची सही." खातेप्रमुख मीच. मी मागणी लिहिली, त्यावर सही केली, आणि 'मंजूर' असा शेरा मारून पुन्हा सही केली. त्याने कागद उजेडात धरून दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. मग दार लावून घेतलं आणि एकदम रडवेला झाला.

"अरे, असा जीवावर उठू नकोस. तू लिहिणार की बसणी खात्यामुळे तक्रारी येत नाहीत. मग मॅडम विचारणार की तक्रारी येत नाहीत तर तक्रार खातं कशाला? मलाही अहवाल द्यायचाय. मी काय लिहू?"



"असं कर ना," तो म्हणाला, "महिन्याला दोनचार खुर्च्या तशाच सोड. थोड्या कुरकुरणाऱ्या. आपण दोघंही राहू."

मी त्याला खडसावलं. म्हटलं, आम्ही तिघांनी आजवर एकही कुरकुरती खुर्ची बाहेर सोडलेली नाही आणि सोडणार नाही. हे बोलताना माझा आवाज चढला होता. तो बिचारा खुर्चीत खचून बसला, आणि मी सवयीने कान दिला. खुर्चीचा आवाज आला नाही. पण त्याचा चेहरा बघवेना. शेवटी 'तक्रारी येत नाहीत' ऐवजी 'तक्रारी मोजक्या येतात' असं लिहायचं मी कबूल केलं, आणि माझा सगळ्यात मोठा आधार असा दयेपोटी गेला.

उरलेलं काम बायकोने केलं. ती घरी कपडे शिवते. कापायला ती घाबरत नाही. "एका पानात बसवायचंय ना? मग आणा इकडे," असं म्हणून ती पेन्सिल घेऊन बसली. कारखान्याचा इतिहास गेला. लाकडाचे प्रकार गेले. मी रुजू झालो त्या दिवशीची हवा गेली. नानांचे सहा 'तथापि' गेले, सातवा नाना दारात उभे होते म्हणून राहिला. सगळं होऊनसुद्धा एक परिच्छेद दुसऱ्या पानावर लोंबत होता. तो भाऊंचा.

"हा घेऊ का आत?" तिने विचारलं.

मी पान दोनतीनदा वर खाली वाचलं. पहिली ओळ इतकी झकास जमली होती! 'बसणी खातं चालू ठेवावं, कारण यंत्र खुर्चीला दाबतं, खुर्चीवर बसत नाही.' खाली ताईचा कान, माझं कलणं, रेलणं, सगळं एकाखाली एक. भाऊंना आत घ्यायचं तर यातलं काहीतरी फोडावं लागणार होतं. आणि मला वाटलं, खातं राहिलं की भाऊ राहिलेच की! वेगळं लिहायची गरज काय?

"राहू दे," मी म्हटलं. "खात्यात भाऊ आलेच."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं मला नंतर फार वाटलं, आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

अहवाल मी शनिवारी दिला. सरांनी तो वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाले, "याला म्हणतात प्रभावी!" रंगकामवाला हसला नाही. खरं सांगतो, मला त्या दुपारी जमिनीवरून चालतोय असं वाटत नव्हतं.

संध्याकाळी भाऊ घरी आले. धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. बायको म्हणाली, "बसा ना भाऊ." भाऊ म्हणाले, "नको वहिनी, उभाच बरा." आमच्या घरातल्या खुर्च्या आमच्या कारखान्याच्या नाहीत. बायकोने त्या कुठल्याशा सेलमध्ये घेतल्या, हा माझ्या आयुष्यातला एक अपमान आहे, पण तो वेगळा विषय. भाऊ आमच्याकडे कधीच बसत नाहीत. त्याचं कारण मला माहीत आहे, ते नवव्या पानावर होतं, पुढे सांगतो.

"वाचून दाखव की," भाऊ म्हणाले. "सगळे म्हणतायत फार छान लिहिलंयस."

मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीला भाऊंनी मान डोलावली. ताईच्या कानाला "वा!" म्हणाले. माझ्या कलण्याला हसले. मग ते पुढे झुकून ऐकायला लागले, आणि मला कळलं की ते कशाची वाट बघतायत. माझा आवाज आपोआप बारीक होत गेला. 'तथापि, अंतिम निर्णय वरिष्ठांचा राहील' इथे मी थांबलो.

"आणि?" भाऊंनी विचारलं.

"एवढंच."

"दुसरं पान?"

"एकच पान द्यायचं असतं, भाऊ. नियम आहे तसा."

"असं होय," भाऊ म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "छान झालंय. आटोपशीर झालंय."

चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. निघाले. दारात चपला घालताना थांबले, भिंतीला हात टेकला. मला वाटलं, आता म्हणतील, 'अजून एक होतं.' म्हणावं, चिडावं, मला चार शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. भाऊंनी दुसरी चप्पल घातली आणि काहीही न बोलता जिना उतरून गेले.

सोमवारी मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझं एक पान होतं आणि शेजारी त्या यंत्राचं चित्र. "तुमचा अहवाल मला आवडला," त्या म्हणाल्या. "पहिलीच ओळ वाचली आणि निर्णय घेता आला. खातं चालू राहील. तुमचा कान, ताईंचा कान, हे यंत्राला जमणार नाही हे पटलं. भारी वजनाची चाचणी मात्र यंत्र करेल. त्या कामात माणूसच का हवा, याबद्दल तुम्हीही काही लिहिलेलं नाही, म्हणजे तुमचंही तेच मत दिसतं. तेव्हा यंत्र येतंय. भाऊंना आपण चांगला निरोप देऊ."

मी म्हटलं, "बरं, मॅडम." खरंच तसं म्हटलं. आभारही मानले. उठलो, खुर्ची जागेवर सरकवली, दारापर्यंत गेलो, मुठीला हात लावला, आणि माझ्या सात पिढ्या माझ्या तोंडून बोलल्या.

"मॅडम, अजून एक होतं."

"बोला."

"मी ज्या दिवशी रुजू झालो त्या दिवशी हवा ढगाळ होती," मी सुरुवात केली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मी मोठ्या साहेबांपर्यंत आलो, लाकडाच्या प्रकारांत शिरलो, माझं मलाच कळत होतं की हे भरकटतंय, पण थांबता येईना.

"मुद्दा काय आहे?" मॅडमनी विचारलं. रागाने नाही, पण विचारलं.

"भाऊ कुठेच बसत नाहीत," मी म्हटलं.

मग मात्र मी सरळ बोललो. माझ्या भावाच्या लग्नात भाऊ आले होते. भाड्याच्या खुर्च्या होत्या. भाऊ बसले आणि खुर्चीचे चारी पाय चार दिशांना गेले. सगळा हॉल हसला. लहान पोरं तर दिवसभर त्यांच्यामागे खुर्च्या घेऊन फिरत होती. मीही हसलो होतो, मॅडम, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून भाऊ कुठे बसत नाहीत. लग्नात भिंतीला टेकून उभे राहतात. दवाखान्यात नंबर येईपर्यंत उभे राहतात. पाय सुजतात, तरी उभे. कुणी आग्रह केला तर हसून म्हणतात, उभाच बरा. आणि तोच माणूस आमच्याकडे दिवसभर ऐटीत बसतो.

 मॅडम म्हणाल्या, "वाईट वाटलं ऐकून. पण ही भाऊंची अडचण झाली. कारखान्याची कशी?"

प्रश्न रास्त होता. सरांच्या वर्गात याला काय म्हणतात ते मला आठवेना. मी म्हटलं, "मॅडम, असे भाऊ बाहेर पुष्कळ आहेत. ते दुकानात येतात, खुर्चीवरून हात फिरवतात, किंमत विचारतात आणि न बसताच निघून जातात. खुर्ची किती वजन पेलते ते पाटीवर लिहिलेलं असतं, पण पाटीवर त्यांचा विश्वास नसतो. भर दुकानात हसं झालं तर काय करायचं? यंत्र बसलंय म्हणून ते बसणार नाहीत."

"भाऊंना बोलवा," मॅडम म्हणाल्या.

भाऊ आले. आपल्याला निरोप द्यायला बोलावलंय असंच त्यांना वाटलं असणार, कारण येताना त्यांनी डबासुद्धा बरोबर घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "बसा."

"नको मॅडम. उभाच बरा."

"बसा हो भाऊ."

भाऊंनी खुर्चीकडे पाहिलं. डबा खाली ठेवला. मग, मालकिणीची खोली, टेबलावरचे कागद, कशाचीही पर्वा न करता, त्यांनी ती खुर्ची उचलली आणि उलटी केली, रोज करतात तशी. खाली धुळीत ठिपका होता, आडवी रेघ होती आणि गोल होता. भाऊंनी गोलावरची धूळ अंगठ्याने पुसली. खुर्ची सरळ केली, बसले, आणि मागे रेलून हात हातावर ठेवले. खुर्ची गप्प होती.

"खाली काय बघितलंत?" मॅडमनी विचारलं.

"माझी खूण," भाऊ म्हणाले. "हिच्यावर मी आधी बसलोय मॅडम. ही मला पाडत नाही."

मॅडमनी यंत्राचं चित्र उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं. मग त्या उठून आपल्या खुर्चीच्या मागे गेल्या आणि वाकून खाली बघायला लागल्या. ती बाहेरून मागवलेली, चाकांची. तिच्याखाली कुठलीच खूण नव्हती. त्या सरळ झाल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही कुठेही जात नाही. यंत्र येईल, त्याला आधी काय दाबायचं ते दाबू दे. त्यानंतर खुर्ची तुमच्याकडे. आणि हा गोल आता खाली नको. पाठीवर काढा, दिसेल असा. दुकानदारांना मी त्याचा अर्थ कळवते." मग माझ्याकडे वळल्या. "हे सगळं अहवालात का नव्हतं?"

"पानात मावत नव्हतं, मॅडम."

"मग दुसरं पान घ्यायचं. नवा अहवाल द्या."

 बाहेर आल्यावर भाऊंनी डबा उघडला, अर्धा माझ्यापुढे सरकवला. मधल्या वजनाची काळजी न करता मी तो खाल्ला.

त्या संध्याकाळी मी रीतसर पैसे भरून आमच्या कारखान्याची एक खुर्ची घेतली आणि डोक्यावर ठेवून जिना चढलो. नाना दारात होते. म्हणाले, "काय हो, अहवाल अंगाशी आला वाटतं?" मी म्हटलं, "तथापि, नाही." मग कागद घेऊन बसलो. सरांचं एक म्हणणं मला आता पूर्ण पटलं होतं: मुद्दा पहिल्या ओळीत हवा. फक्त मुद्दा कोणता, हे मला मॅडमच्या दारात पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. बायको पेन्सिल घेऊन आली, पहिली ओळ वाचली आणि पेन्सिल कानामागे खोचून आत निघून गेली.

दोन दिवसांनी भाऊ आले. बायको म्हणाली, "बसा ना भाऊ." भाऊंनी नवी खुर्ची पाहिली. तिच्या पाठीवर रंगाचा ताजा गोल चमकत होता, मी ती कारखान्यातून उचलण्याआधी त्यांनी स्वतःच काढलेला. त्यांनी ती उलटी केली नाही. ती भिंतीपासून जरा पुढे ओढली, बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "हं. वाच आता."

मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत भाऊ होते.